विश्वासाची ठेव

एखाद्या शहरांत दंगल होऊन गेली, म्हणजे तिच्या राखेंतून कांहीं ठराविक वाक्यें उगवतात. "पोलीस आणि मुस्लिम समाज यांच्यामध्यें विश्वासाचें वातावरण निर्माण झालें पाहिजे," हें त्यांपैकीं एक. मंत्री तें बोलतात, वर्तमानपत्रें तें छापतात, मोहल्ल्यांतील मौलवी आणि पुढारी त्याला मान डोलावतात, आणि सुशिक्षित वाचक तें वाचून पान उलटतो. ज्या वाक्याला कोणीच विरोध करीत नाहीं, त्याचा अर्थ सहसा कोणी तपासूनहि पाहत नाहीं. हा विश्वास कोणी कोणाला द्यावयाचा, किती द्यावयाचा, आणि मुळांत तो देणाराच्या मालकीचा तरी आहे कीं नाहीं, हे प्रश्न तसेच पडून राहतात.

मित्रामित्रांतील विश्वास, नवराबायकोमधील विश्वास, पेढी आणि ठेवीदार यांच्यामधील विश्वास हे सारे प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. त्यांत दोन्ही पक्षांना एकमेकांपासून दूर होण्याची थोडीबहुत मोकळीक असते. पोलिसाशीं असलेलें नातें तसें नाहीं. त्याच्या हातांत काठी असते, आणि संशयिताला अपरात्रीं घरांतून उठवून ठाण्यावर नेण्याचा अधिकारहि असतो. मोहल्ल्यांतील पुढाऱ्यापाशीं यांतलें कांहींच नसतें. त्याच्यापाशीं असते ती केवळ त्याच्या शब्दाला असलेली किंमत. शुक्रवारच्या नमाजानंतर तो उभा राहून "घरीं जा" म्हणाला, तर जमलेलीं माणसें घरीं जातात, एवढीच त्याची सत्ता. या दोघांनीं एकमेकांवर विश्वास ठेवावा असें आपण म्हणतों, तेव्हां पहिल्यानें दुसऱ्यापाशीं काय मागणें न्याय्य आहे आणि दुसऱ्यानें काय देणें योग्य आहे, हा खरा नीतीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची चर्चा अधांतरीं करण्यापेक्षां एखाद्या गांवाच्या आधारानें केलेली बरी. ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी हें गांव आपल्याला यंत्रमागांसाठीं ठाऊक आहे, आणि दुर्दैवानें दंगलींसाठींहि. तेथील मुसलमान म्हणजे एकजिनसी समूह नव्हे. कोंकणी मुसलमान तेथले जुने रहिवासी. उत्तर हिंदुस्थानांतून पोटासाठीं आलेले मोमीन विणकर निराळे. बोली निराळ्या, चालीरीति निराळ्या. अशा गांवांत "मुस्लिम समाजाचा पुढारी" कोणाला म्हणावें, हेंच पहिलें कोडें आहे. १९७० सालच्या मे महिन्यांत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्तानें येथें दंगल पेटली, आणि तिची झळ जळगांव व महाड येथपर्यंत पोहोंचली. तिच्या चौकशीसाठीं नेमलेल्या न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें पोलिसांच्या तपासकामांतील पक्षपातावर स्पष्ट ठपका ठेवला. १९८४ सालच्या मे महिन्यांत भिवंडी पुन्हा पेटली. ती आग ठाणें-मुंबईपर्यंत गेली, आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं.

अशा प्रसंगांवर 'शांतता समिति' हा आपल्याकडील जुना उपाय आहे. सण जवळ आला, कीं ठाण्यावर खुर्च्या मांडल्या जातात, गांवांतील वजनदार हिंदु-मुसलमान गृहस्थांना निरोप जातात, चहा होतो, "आमच्या गांवांत असें कांहीं होणार नाहीं" असें प्रत्येक जण सांगतो, आणि सभा संपते. या समितींत दोष माणसांचा नसतो. त्यांच्या निवडीचा असतो. पोलीस ज्यांना ओळखतात त्यांना बोलावतात. मोहल्ल्यानें त्यांना पाठविलेलें नसतें. ज्या तरुणांच्या हातून दगड सुटणार असतो त्यांचा यांच्याशीं वर्षानुवर्षें संबंध आलेला नसतो. बायकांना तर कोणीं विचारलेलेंच नसतें. असा गृहस्थ पोलिसांना जो विश्वास देतो तो स्वतःच्या पदरचा नसतो आणि दुसऱ्यांनीं दिलेलाहि नसतो. न वटणारी हुंडी तेवढी तो लिहून देतो.

१९८८ सालीं सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीस आले आणि त्यांनीं हा क्रम उलटा केला. वजनदार माणसें ठाण्यावर बोलावण्याऐवजीं त्यांनीं पोलिसांनाच मोहल्ल्यांत नेलें. गांवाच्या निरनिराळ्या भागांत मिळून सुमारे ७० मोहल्ला कमिट्या स्थापन झाल्या. त्यांत हिंदु व मुसलमान दोघेहि होते, आणि भर होता तो साध्या रहिवाशांवर. त्या त्या भागांतील साधे पोलीस शिपाई या कामांत जोडले गेले, आणि दंगलीच्या वेळींच तेवढें भेटावयाचें ही रीत सोडून शेजारपाजारच्या किरकोळ तंट्यांसाठींहि लोक एकत्र बसूं लागले. १९९२ सालच्या ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबई जळली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणें मुंबईंत ९०० माणसें मेलीं. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदु होते. त्याच दिवसांत, जिच्याविषयीं सर्वांना सर्वांत अधिक धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली.

याचें सारें श्रेय कमिट्यांना देणें घाईचें होईल. १९८४ च्या जखमा ताज्या होत्या. हिंदु व्यापारी आणि मुसलमान मागवाले यांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले होते. बंद पडलेला माग दोघांनाहि उपाशी ठेवतो, हें लोक अनुभवानें शिकले होते. तरी इतकें मान्य केल्यावरहि, एका गोष्टीचा विचार करावयास हवा. या कमिट्यांत जें बोललें जाई तें चारचौघांत बोललें जाई. कोणीं काय सांगितलें, हें शेजाऱ्याला ठाऊक असे. कुजबुज करण्यासाठीं तेथें जागाच नव्हती. त्या प्रयोगाचें नैतिक मर्म, आमच्या मतें, येथें आहे.

पुढाऱ्यापाशीं असलेला विश्वास ही त्याची स्वतःची मिळकत नव्हे. ती लोकांनीं त्याच्यापाशीं ठेवलेली ठेव आहे. मशिदीच्या जमातीचा विश्वस्त ज्याप्रमाणें वक्फाची जमीन स्वतःच्या इच्छेनें विकूं शकत नाहीं, त्याप्रमाणें ही ठेव त्याला आपल्या मर्जीनें खर्चतां येत नाहीं. पोलीस अधिकारी जेव्हां त्याला बाजूला घेऊन विचारतो, "तुमच्या भागांत कोण काय बोलतो, कोणाकडे कोण येतें, तेवढें अधूनमधून कानांवर घालीत जा," तेव्हां तो त्याच्यापाशीं त्याचें स्वतःचें कांहींच मागत नसतो. दुसऱ्यांची ठेव त्यानें गुपचूप काढून द्यावी, असें तो मागत असतो. मागणारा सज्जन असेल, हेतुहि लोकरक्षणाचा असेल. पण त्यामुळें ठेवीची मालकी बदलत नाहीं.

येथें कोणी विचारील, कीं मग मोहल्ल्यांत चाललेला गुन्हा पुढाऱ्यानें डोळ्यांआड करावा काय? मुळींच नाहीं. गुन्हा ठाऊक असूनहि जो गप्प बसतो, तो त्या गुन्ह्याचा भागीदार होतो. मग तो कोणत्याहि धर्माचा असो. परंतु साक्षीदार आणि खबऱ्या या दोघांत जो भेद आहे, तो आपण नीट ध्यानांत घेतला पाहिजे. साक्षीदार स्वतःच्या नांवानें बोलतो, जें पाहिलें तेवढेंच बोलतो, आणि ज्याच्याविरुद्ध बोलतो त्याला उत्तर देण्याची संधि राहते. खबऱ्या नांव लपवून बोलतो. पाहिलेलें, ऐकलेलें आणि तर्कानें जोडलेलें सारें एकत्र सांगतो. आणि त्याचें सांगणें खोटें असलें तरी ज्याचें नांव घेतलें त्याला तें खोडून काढण्याची वाट नसते. साक्षीदारानें समाजाची ठेव मोडली असें कोणी म्हणणार नाहीं. उलट ती त्यानें राखली, कारण मोहल्ल्यांतील निरपराध माणसाला गुन्हेगारापासून संरक्षण हवेंच असतें. खबऱ्या मात्र ठेवीवरच जगतो. म्हणून पोलिसांनीं पुढाऱ्यापाशीं साक्ष मागावी; खबर मागूं नये.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप असा, कीं बाँब करणारे लोक चारचौघांत सभा भरवून बाँब करीत नाहींत. गुप्त कटाचा पत्ता गुप्त उपायांनींच लागतो. पोलिसांनीं हेर ठेवूं नयेत असें म्हणणें भाबडेपणाचें आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि तो मान्य करूनहि आमचें म्हणणें शिल्लक राहतें. पोलिसांना कायद्याच्या चौकटींत, विशिष्ट संशयिताविरुद्ध, गुप्त तपास करावा लागतो. पण ज्या दारानें आपण पाहुणा म्हणून आंत गेलों त्याच दारानें हेर आंत पाठवूं नये. मैत्रीचें निमंत्रण आणि पाळत या दोन गोष्टी एका हातानें करूं गेल्यास पाळतीचें काम कदाचित् होईल. मैत्रीचा मात्र तेव्हांच अंत होतो. हें केवळ आपल्याकडेच घडतें असें नाहीं. पाश्चात्य देशांतील दोन मोठ्या शहरांनीं अलीकडे याचा पडताळा घेतला आहे.

न्यूयॉर्कच्या पोलिसांनीं २००१ सालच्या हल्ल्यानंतर मुस्लिम वस्त्या, उपाहारगृहें आणि मशिदी यांवर पाळत ठेवण्यासाठीं एक स्वतंत्र पथक उभारलें. २०११ सालीं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें तें उघडकीस आणलें. तेव्हां असें दिसून आलें, कीं जे इमाम पोलिसांशीं उघडपणें सहकार्य करीत, महापौरांच्या पंगतीस बसत, त्यांच्याहि मागें हेर लावलेले होते. त्या वर्षअखेर महापौरांच्या सर्वधर्मीय न्याहारीला अनेक मुस्लिम पुढाऱ्यांनीं जाण्याचें नाकारलें. २०१२ सालीं पोलीस खात्याच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें शपथेवर सांगितलें, कीं त्या पथकाच्या कामांतून त्याच्या कारकीर्दींत दहशतवादाच्या तपासाचा एकहि धागा हातीं लागला नव्हता. २०१४ सालीं तें पथक बंद करण्यांत आलें. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें २०१० सालीं मुख्यतः मुसलमानांची वस्ती असलेल्या दोन भागांभोंवतीं दोनशेंहून अधिक कॅमेरे बसविले गेले. त्यांतले कित्येक लपविलेले होते. रहिवाशांना सांगण्यांत आलें तें असें, कीं हे चोऱ्या आणि दांडगाई यांना आळा घालण्यासाठीं आहेत. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधींतून आलेला होता. तें कळल्यावर जो क्षोभ झाला त्याची चौकशी दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांकडून झाली, पोलिसांना माफी मागावी लागली, आणि एकाहि दिवसाचा उपयोग न होतां ते कॅमेरे उतरवावे लागले. कॅमेरे उतरविणें सोपें होतें. "हे चोरांसाठीं आहेत" असें लोकांना ज्यांनीं भाबडेपणानें सांगितलें, त्या स्थानिक प्रतिनिधींच्या शब्दाची किंमत पुन्हा वर चढविणें कोणाच्याहि हातांत नव्हतें.

आतां दुसऱ्या बाजूचाहि विचार निष्ठुरपणें केला पाहिजे. पुढारी हा नेहमींच भोळा ठेवीदाररक्षक नसतो. पोलिसांशीं ओळख हीहि एक प्रकारची दौलत आहे, आणि ती मिरविणारे पुढारी प्रत्येक जमातींत आहेत. ठाण्यावर शब्द टाकून एखाद्याला सोडवून आणावें, त्याच्या उपकाराचें भांडवल करावें, प्रतिस्पर्ध्याचें नांव हळूच पोलिसांच्या कानांवर घालावें, आणि मोहल्ल्यांत मात्र "मी तुमच्यासाठीं पोलिसांशीं भांडतों" असें सांगावें, हा दलालीचा धंदा जुना आहे. त्याहून सूक्ष्म असा एक दोष सज्जन पुढाऱ्यांतहि आढळतो. समाजावर चोहोंकडून संशय घेतला जात असतां आपल्यांतल्या गुन्हेगाराचें नांव घेणें म्हणजे शत्रूच्या हातीं कोलीत देणें, असें त्याला वाटूं लागतें. समाजाची अब्रू आणि गुन्हेगाराची सुटका यांची तो गल्लत करतो. ही भावना समजण्यासारखी आहे, समर्थनीय नाहीं.

परंतु हाच दोष आपण पोलीस खात्यांत पाहिला, म्हणजे या प्रश्नाचें खरें स्वरूप उलगडतें. पोलीस खातें हीहि एक जमातच आहे. तिचा गणवेश आहे, तिची भाषा आहे, तिची बाहेरच्यांविषयींची कुरकूर आहे, आणि आपल्यांतल्या गुन्हेगाराला पाठीशीं घालण्याची तिचीहि वृत्ति आहे. श्रीकृष्ण आयोगानें १९९८ सालीं सादर केलेल्या अहवालांत मुंबई पोलिसांमध्यें मुसलमानांविषयीं पूर्वग्रह असल्याचें नमूद केलें आणि ३१ पोलिसांवर नांवानिशीं ठपका ठेवला. पण पुढें त्यांच्यावर झालेल्या कारवाईची वाट पाहतांना एक पिढी म्हातारी झाली. २००६ सालच्या ८ सप्टेंबरला मालेगांवांत शब-ए-बरातच्या दिवशीं मशीद आणि कबरस्तान यांच्या आवारांत बाँबस्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि पकडले गेले तेहि त्याच गांवचे व आसपासचे मुसलमान तरुण. त्यांनीं पांच वर्षें तुरुंगांत काढलीं. पुढें केंद्रीय तपास यंत्रणेनें दुसऱ्याच लोकांवर आरोप ठेवले, आणि २०१६ सालीं विशेष न्यायालयानें या आधीच्या आरोपींपैकीं आठ जणांना आरोपमुक्त केलें; नववा तोंपर्यंत मरण पावला होता. ज्या पुढाऱ्यांनीं त्या वेळीं "तपासावर विश्वास ठेवा" असें मोहल्ल्याला सांगितलें असेल, त्यांची ठेव कोणीं बुडविली?

म्हणून "विश्वास ठेवा" या उपदेशाचें भाषांतर आम्ही असें करूं: दोन्ही जमातींनीं आपापल्यांतल्या दोषी माणसाविरुद्ध उघडपणें साक्ष देण्यास तयार व्हावें. मुस्लिम पुढाऱ्यापाशीं ही अपेक्षा करण्याचा हक्क पोलिसांना तेव्हांच पोहोंचतो, जेव्हां त्यांनीं स्वतःच्या बाबतींत ती पुरी केलेली असते. आणि या व्यवहारांत पहिलें पाऊल कोणीं टाकावयाचें, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं. ज्याच्या हातांत काठी आहे त्यानें तें टाकावें. पोलिसानें आधीं विश्वास टाकला आणि तो वायां गेला, तर त्याला फार तर बदली किंवा ठपका सोसावा लागतो. पुढाऱ्यानें आधीं टाकला आणि तो वायां गेला, तर कोणाचा तरी मुलगा तुरुंगांत जातो, आणि त्या मुलाची आई उद्यां त्याच गल्लींत त्याला भेटते. दोघांची जोखीम सारखी नाहीं. तेव्हां दोघांचें कर्तव्यहि सारखें असूं शकत नाहीं.

भिवंडीची कथा १९९२ पाशीं थांबविली तर ती सुखान्त होते. पण तसें करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २००६ सालच्या जुलै महिन्यांत त्याच गांवांत, एका कबरस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणें बांधण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारांत दोन माणसें मेलीं, आणि त्याच रात्रीं जमावानें दोन पोलीस शिपायांचा खून केला. ज्या गांवानें सबंध देशाला पोलीस-मोहल्ला सहकार्याचा धडा दिला, तेथेंच हें घडावें याचें अनेकांना नवल वाटलें. खरें पाहतां नवल वाटण्याचें कारण नाहीं. अधिकारी दोन-तीन वर्षांनीं बदलून जातात. मोहल्ला तेथेंच राहतो. एका भल्या अधिकाऱ्यावर ठेवलेला विश्वास त्याच्या सामानाबरोबर गाडींत चढून निघून जातो, जर तो ठाण्याच्या रोजच्या वागणुकींत उतरलेला नसेल. त्या रात्रीं मारले गेलेले दोघे शिपाई कोणाच्या धोरणाचे कर्ते नव्हते. त्यांच्या खुन्यांविरुद्ध निःसंदिग्धपणें बोलणें हें तेथील पुढाऱ्यांचें कर्तव्य होतें. आणि गोळीबाराचा हिशेब उघडपणें देणें हें पोलिसांचें. एकानें दुसऱ्याची वाट पाहत बसावें अशी ही कर्तव्यें नाहींत.

मुंबईंतहि १९९४ सालीं ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्या पुढाकारानें मोहल्ला कमिट्यांचें काम सुरू झालें. ज्या वस्त्यांत एक वर्षापूर्वीं पोलिसाचें नांव काढतां येत नव्हतें, तेथें तें चिकाटीनें केलें गेलें. त्या कामाचा अनुभव असा, कीं शांतीवरील भाषणें लोक लवकर विसरतात. नळाला पाणी येत नाहीं, गटार तुंबलें आहे, अशा तक्रारींत जो अधिकारी लक्ष घालतो त्याला विसरत नाहींत. दंगलीच्या रात्रीं उपयोगी पडणारा विश्वास दंगलीच्या रात्रीं निर्माण करतां येत नाहीं.

तो निर्माण होतो तो एखाद्या सामान्य मंगळवारीं दुपारीं, जेव्हां कोणी मुसलमान तरुण आपली सायकल चोरीस गेली म्हणून चौकीवर येतो. फौजदार त्याला बसावयास सांगतो कीं उभा ठेवतो. त्याची फिर्याद लिहून घेतो कीं आधीं त्याच्याच घराची चौकशी करतो. त्याला "तुम्ही" म्हणतो कीं "तूं". या क्षुल्लक गोष्टींवर मोहल्ल्याची ठेव वाढते किंवा घटते. तो तरुण घरीं जाऊन काय सांगतो, तें गल्लीला कळतें. गल्लीला कळतें तें पुढाऱ्याला कळतें. पुढें केव्हां तरी, गांवांत अफवांचें पीक आलें असतां, तोच फौजदार त्या पुढाऱ्याला म्हणेल, "लोकांना घरीं जावयास सांगा." पुढारी सांगेलहि. पण लोक घरीं जातील कीं नाहींत, तें त्या मंगळवारीं ठरून गेलेलें असेल.